पाइप

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी
पहिला धोबी उतरतो शारजात,
दोन रस्ते आणि एक मशीद यांच्यामधल्या
आमच्या चौकोनी बागेत.
शेपटी वरखाली, वरखाली,
हजेरी लावून लगेच कामाला.
मी पोटावर आडवी, कोपरं ओल्या गवतात.
चालायला आलेल्या बायका वळसा घालून जातात.
एकीनं एकदा वाकून विचारलं,
बरं वाटत नाहीये का?

डिसेंबरात धुकं.
समोरचे टॉवर विसाव्या मजल्यापासून गायब
आणि खाली हुदहुद
शिलाई मशीनसारखा गवत टोचत.
तुरा उघडतो तो फक्त उतरताना,
क्षणभर.
त्या क्षणापायी माझे तीन हिवाळे गेले.

जानेवारीत एकच दिवस पाऊस.
शाळांना सुट्टी, अंडरपास बंद,
बागेचं तळं झालं
आणि कुठूनसे शेकाटे आले,
घसरगुंडीच्या पायथ्याशी
लाल काड्यांवर उभे.
तिसऱ्या दिवशी टँकर पाणी ओढून घेऊन गेला.
शेकाट्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मार्च-एप्रिल नुसती धावपळ.
एका पहाटे हळद्या,
दुसऱ्या पहाटे त्याची बसायची फांदी.
नीलपंख इथलाच, त्याला घाई नाही,
दिव्याच्या खांबावरून
अख्ख्या पार्किंगवर लक्ष ठेवतो.

मे उजाडला की कॅमेरे कपाटात जातात सगळ्यांचे.
मी जाते तरी.
गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते.
पंधरा मिनिटं कॅमेरा कुशीत घेऊन बसायचं,
ताप आलेल्या पोरासारखा;
फक्त इथं पोर गार आणि बाकी सगळं तापलेलं.
साळुंक्या चोची उघड्या टाकून उभ्या.
टिटवी अंडी उबवत नाही, निववते:
पोटाची पिसं भिजवून आणते
आणि वर सावली धरते.
कुठं भिजवते?

मोफिझुलच्या पाइपाशी.

नोआखालीचा मोफिझुल,
पहाटे चारला व्हॉल्व्ह उघडणारा.
कुठल्या वारी कुठली पट्टी भिजणार
हे त्याला पाठ.
मी वर्षभर पुस्तकात शोधलं
पक्षी कुठं सापडतील म्हणून,
मग त्याला विचारलं.
सोमवारी कण्हेरीकडे या, म्हणाला.

जुलैत एकदा, आठच्या चहाला,
गाफच्या सावलीत
त्यानं फोटो बघायला मागितले.
पँटला बोट पुसून एकेक सरकवत होता,
त्याच्या गावची नावं सांगत होता,
मोहनचूडा, हट्टिटी, खंजन.
मग थांबला.
"मॅडम, पाइप किधर गया?"

कापला होता मी.
पाइप, बादली, पिवळा गमबूट,
गवतावर चालू नका ही पाटी,
सगळं छाटलं होतं, रान वाटावं म्हणून.
हे काही सांगता आलं नाही.
फोटोत मावत नव्हता, म्हटलं.
"अच्छा," म्हणाला,
आणि पुढचा फोटो.

त्या रात्री मूळ फाइली उघडल्या.
आठ वर्षं.
कडेला कुठं गुडघा, कुठं बूट,
एकात नुसतीच सावली, हातात धार धरलेली.
आणि तो फोटो,
तुरा पुरता उघडलेला,
जो मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय:
त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक हात
हुदहुदवर उडू नये म्हणून
पाणी पलीकडे वळवताना.

ऑगस्ट सरता सरता पहाटे
दक्षिणेला सुहैल दिसला.
इथले म्हातारे म्हणतात,
आता रात्री निवतील.
आपल्याकडचा तोच अगस्ती,
समुद्र पिऊन बसलेला.
मोफिझुलला बोटानं दाखवला.
त्यानं मान वर करून पाहिलं, जरा वेळ,
आणि म्हणाला, हां,
आता व्हॉल्व्हची वेळ बदलणार.

धोबी यायला अजून सहा शुक्रवार.
लांबची लेन्स कपाटात ठेवली आहे,
छोटी पुसून बाहेर काढली आहे.
तिच्यात पक्षी ठिपक्याएवढा येतो.
येऊ दे.